पगारात टिप धरू नका
हॉटेल व्यवस्थापनाची पदविका घेऊन २०१५ साली मी पुण्यातल्या एका उपाहारगृहात स्टुअर्ड, म्हणजे टेबलावर वाढणारा, म्हणून रुजू झालो, तेव्हा व्यवस्थापकांनी पगाराचा आकडा सांगून लगेच "वर टिप सुटतेच" असे म्हटले होते. त्या एका वाक्यावर विसंबून मी खोलीचे भाडे ठरवले. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मुलामुलींनी तसे करू नये, असे मला मनापासून वाटते.

पहिल्या वर्षी ते वाक्य खरे ठरले. बिलाचे फोल्डर आणि बडीशेपेची वाटी टेबलावर ठेवून आपण दोन पावले मागे सरायचे. गिऱ्हाईक पैसे ठेवत असे, आपण मोड आणून देत असू, आणि त्यातल्या एकदोन नोटा तिथेच ठेवून मंडळी उठत असत. म्हणूनच जुने कॅप्टन, म्हणजे आम्हा स्टुअर्डांचे वरिष्ठ, आम्हाला शिकवत, की मोड शंभराच्या नोटेत आणू नये, दहा-वीसच्या नोटांत आणावी. रात्री टिपेचा डबा उघडला जाई आणि स्वयंपाकघरासकट सर्वांची वाटणी होई.

२०१६ मध्ये यूपीआय आले, आणि टाळेबंदीनंतर तर बहुतेक टेबलांवर क्यूआर कोडच स्कॅन होऊ लागला. बिल ८४७ रुपयांचे असेल, तर नेमके ८४७ रुपयेच जातात. मोड उरत नाही, त्यामुळे टिपेची आठवणही होत नाही. माणसे कंजूस झाली असे मी म्हणणार नाही, कारण दिवाळीची पोस्त हीच मंडळी न विसरता देतात. काही जण "तुमचा नंबर सांगा, टाकतो" म्हणतात. पण ते पैसे एकाच्याच खात्यात राहतात आणि आत भांडी घासणाऱ्या मावशींपर्यंत पोहोचत नाहीत, हे मला अजूनही खटकते.

दुसऱ्या नोकरीत बिलावर दहा टक्के सेवाशुल्क लागत असे. ते आम्हालाच मिळते असे समजून गिऱ्हाईक वेगळी टिप ठेवत नसे, आणि आमच्या हाती त्यातला रुपयाही पडत नसे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी हे शुल्क बिलात आपोआप लावण्यास मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. त्यामुळे कोणी ते काढायला सांगितले, तर नवख्या स्टुअर्डने वाद न घालता बिल कॅप्टनकडे न्यावे.

पगारपत्रकात टिप दिसत नाही आणि तिच्यावर भविष्यनिर्वाह निधीही जमा होत नाही, म्हणून घरखर्च मूळ पगारातच बसवावा. रुजू होण्यापूर्वी टिपेची वाटणी कोण करतो, रजेच्या दिवशीचा वाटा मिळतो का, आणि यूपीआयवर बिलासोबत आलेली जादा रक्कम केव्हा हाती येते, हे स्पष्ट विचारावे. तिसऱ्या ठिकाणी मी हे विचारले, तेव्हा व्यवस्थापकांनी गल्ल्याखालची वही काढून मागच्या महिन्याची वाटणी माझ्यासमोर ठेवली. तीत भांडी घासणाऱ्या मावशींचेही नाव होते. पगार थोडा कमी असूनही ती नोकरी मी धरली.