नवी दिल्ली स्टेशनातून मेट्रोने विमानतळ कसा गाठावा

राजधानीने किंवा झेलमने नवी दिल्लीला उतरून पुढचं विमान पकडायचं असेल, तर टॅक्सीच्या फंदात पडू नका. विमानतळाची मेट्रो स्टेशनासमोरूनच सुटते. मेख एवढीच, की 'नवी दिल्ली' या एकाच नावाची दोन मेट्रो स्टेशनं आहेत. एक शहरातल्या पिवळ्या मार्गाचं, दुसरं एअरपोर्ट एक्सप्रेसचं, म्हणजे नारिंगी मार्गाचं.

आधी विमानाच्या तिकिटावर टर्मिनल बघा. टी-३ किंवा टी-२ असेल तर नारिंगी मार्ग. टी-१ असेल तर नारिंगीकडे फिरकूही नका. पिवळ्या मार्गाने हौज खासला जा, तिथे मजेंटा मार्ग धरा, तो टी-१ला नेतो. इथे चूक झाली तर विमान जातं, म्हणून हे गाडीत बसल्या बसल्याच तपासा.

उतरल्यावर पूल चढून अजमेरी गेटच्या बाजूला या, म्हणजे फलाट १६कडे. सवयीने फलाट १कडे गेलात तर पहाडगंजला बाहेर पडाल. मी एकदा तसा पडलोय. दोन बॅगा घेऊन तोच जिना पुन्हा चढायचा, आणि मागून हमालांचं 'साइड, साइड' चालूच.

बाहेर 'मेट्रो तो बंद है, भैया' असं सांगणारा एखादा भेटतोच. त्याला हसून पुढे चला.

आता पिवळ्या मार्गाच्या पाट्या आधी दिसतील, गर्दीही तिकडेच वळेल. तुम्ही 'एअरपोर्ट एक्सप्रेस'ची पाटी शोधा. ते स्टेशन भवभूती मार्गापलीकडे आहे; २०२२ साली सुरू झालेल्या स्कायवॉकने रस्ता न ओलांडता जाता येतं. पिवळ्या मार्गाचीच गाडी पुढे विमानतळावर का जात नाही, असं वाटेल. पिवळ्याचे रूळ ब्रॉडगेज, नारिंगीचे स्टँडर्ड गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर कमी; एकाची गाडी दुसऱ्यावर चालत नाही. चालण्यावाचून इलाज नाही.

तिकीट मोबाइलवर क्यूआरचं काढलं की खिडकीची रांग वाचते. बॅगा मात्र स्कॅनरमधून जातातच, त्याला वेळ धरा. काही विमान कंपन्या मोठी बॅग याच स्टेशनात चेक-इन करून घेतात. तुमची घेते का, ते कंपनीला आधीच विचारा.

पुढचं काम गाडीचं. ही सेवा २०११ची, पण २०२३पासून गाडी ताशी १२० किलोमीटरने धावते. शिवाजी स्टेडियम, धौला कुआँ, एरोसिटी आणि मग विमानतळ. वीसेक मिनिटांत पोचता. सामान ठेवायला गाडीत रॅक आहेत. धौला कुआँच्या आसपास ती भुयारातून पुलावर येते, तेवढं खिडकीबाहेर बघून घ्या.

एरोसिटीला बरेच जण उठतात, तुम्ही उठू नका. पुढच्या स्टेशनात उतरून लिफ्टने वर गेलात की समोर टी-३. टी-२ला जायचं असेल तर तिथून पाट्या बघत पायी.