बंद सर्व्हर परवडला, अर्धवट उघडलेला नको

मेल सर्व्हरची जबाबदारी माझ्याकडे येऊन जेमतेम सात महिने झाले होते, तेव्हा एका शनिवारी पहाटे आमच्या रेड 5 संचातील (एक डिस्क गेली तरी चालणारा, पण दोन गेल्या की कोलमडणारा डिस्कसंच) दुसरी डिस्क गेली. पहिली आठवड्यापूर्वीच गेली होती आणि तिच्या बदलीचा कागद खरेदी विभागात सहीसाठी थांबला होता. पत्रे घेण्या-पाठवण्यासाठी पोस्टफिक्स, टपालपेट्या वाचायला देण्यासाठी डव्हकॉट आणि खात्यांच्या यादीसाठी मायएसक्यूएल हा डेटाबेस अशी साधी मांडणी होती व रात्रीचा बॅकअप शाबूत होता. तरीही पत्रे गेली, आणि ती डिस्कमुळे नव्हे, माझ्या घाईमुळे गेली.

सर्व्हर पूर्ण बंद असताना बाहेरून येणारी पत्रे लगेच हरवत नाहीत. पाठवणारा सर्व्हर ती आपल्या रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो; 2008 च्या आरएफसी 5321 या ईमेल-नियमांच्या दस्तऐवजाप्रमाणे हा प्रयत्न साधारणतः किमान 4-5 दिवस चालायला हवा, आणि पोस्टफिक्सची मूळ मुदतही 5 दिवसांचीच आहे. त्यामुळे शनिवारी पडलेला सर्व्हर सोमवारी उभा राहिला, तरी बहुतेक टपाल आपसूक येते. हे मला ठाऊक होते, पण ते परीक्षेपुरते.

वरिष्ठ दर पंधरा मिनिटांनी फोन करून “निदान येणारे मेल तरी चालू कर” असे सांगत होते. (नवख्याच्या वाट्याचे असे फोन स्वतः झेलतो, तोच खरा वरिष्ठ, असे माझे तेव्हापासून ठाम मत आहे.) बॅकअपचा डंप (डेटाबेसची फाइलीत काढलेली प्रत) दुसऱ्या इमारतीतून हळूहळू उतरत होता. तेवढ्यात मी नव्या यंत्रावर कॉन्फिगरेशन ठेवले, एका तयार स्क्रिप्टने डेटाबेसमध्ये रिकामी टेबले उभी केली आणि खाती मागाहून भरू अशा हिशेबाने पोर्ट 25, म्हणजे बाहेरचे मेल आत येण्याचे दार, उघडले.

येथेच फसले. डेटाबेस बंद असता, तर पोस्टफिक्सने 451 हे तात्पुरते नकाराचे उत्तर दिले असते आणि पाठवणारा नंतर परत आला असता. परंतु डेटाबेस चालू होता, विचारलेल्या प्रश्नाला तत्परतेने उत्तरही देत होता, आणि ते उत्तर प्रत्येक वेळी ‘या नावाचे कोणी नाही’ असे होते. म्हणून पोस्टफिक्सने प्रत्येक पत्र 550 देऊन परत लावले. 4 ने सुरू होणारा कोड म्हणजे ‘नंतर या’, 5 ने सुरू होणारा म्हणजे ‘येऊच नका’. दुसरा कोड मिळाला की पाठवणारा सर्व्हर प्रयत्न सोडतो आणि असा पत्ताच नाही असे प्रेषकाला कळवतो. चाळीस मिनिटे लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, नकाराच्या ओळींवर ओळी येत होत्या आणि सर्व्हर चालू झाला म्हणून मी चहा प्यायले.

ती पत्रे कोणत्याही बॅकअपमध्ये नसतात, कारण ती आपल्यापर्यंत पोहोचलेलीच नसतात. मात्र नकाराच्या प्रत्येक ओळीत प्रेषक आणि प्राप्तकर्ता यांचे पत्ते असतात. तेवढ्यावरून यादी करून आम्ही प्रेषकांना पत्र पुन्हा पाठवण्याची विनंती केली आणि बऱ्याच जणांनी ते पाठवलेही; तेव्हा असे घडलेच तर हातपाय गाळू नका, आधी लॉग जपून ठेवा.

आता माझा क्रम ठरलेला आहे. खाती आणि टपालपेट्या पूर्ण उतरेपर्यंत पोर्ट 25 फायरवॉलमध्ये बंदच ठेवते. टपालपेट्या उतरवताना फाइलींची मालकी वापरकर्त्याच्या नावाने नव्हे, तर त्याच्या क्रमांकानुसार जुळवते आणि डव्हकॉटची यूआयडी-यादी (प्रत्येक पत्राला दिलेल्या क्रमांकांची यादी) सोबत आणते, नाहीतर प्रत्येकाचा मेल प्रोग्राम सगळी पत्रे नव्याने ओढू लागतो. आयपी बदलला असेल, तर एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात याची नोंद) आणि उलट डीएनएस नोंद (आयपीवरून सर्व्हरचे नाव सांगणारी) तपासते. मग पोस्टफिक्समधील सॉफ्ट बाउन्स (कायमच्या नकाराऐवजी तात्पुरता नकार देण्याची सोय) चालू करून एका खऱ्या आणि एका खोट्या पत्त्यावर स्वतःच पत्र पाठवते. खोट्याला 450 मिळाले, तरच पोर्ट उघडते. ही सोय दिवसभर राहू द्यावी आणि बंद करण्यापूर्वी लॉगमधील 450 च्या ओळी वाचाव्यात. मागच्या वेळी तेथेच मला हिशेब विभागाचे, डंपमध्ये न आलेले दोन एलियस (दुसऱ्या खात्याकडे पत्र वळवणारे पत्ते) सापडले. ते भरल्यावर त्यांची अडलेली पत्रे रात्रीपर्यंत येऊन पोहोचली.