परभणीहून रॉक शोला जायचंय? आधी परतीची गाडी बघा

मुंबईत उघड्या मैदानावरचा शो रात्री दहाला आटोपतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला मनाई आहे. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सूट देतं, पण ती परदेशी बँडला मिळेल असं धरून चालू नका. आता सीएसएमटीचं वेळापत्रक काढा. देवगिरी आणि लातूर एक्स्प्रेस दहाच्या आत सुटलेल्या असतात, नंदीग्राम तर त्याच्याही लय आधी. त्यानंतर परभणीकडं येणारी कामाची गाडी म्हणजे सकाळी सव्वासहाची तपोवन. शेवटचं गाणं आणि तपोवन यांच्यामधले आठ तास कुठं काढायचे, हे शोचं तिकीट काढायच्या आधी ठरवायचं. मुंबई-पुण्याची पोरं सल्ले देतात त्यात हा मुद्दा कधीच नसतो. त्यांना रिक्षानं घरी जायचं असतं.

मी परभणीत मेडिकल चालवतो. औरंगाबादला डी. फार्म करताना होस्टेलवर कुणाच्या तरी टेपवर गन्स अँड रोझेस हा अमेरिकन रॉक बँड ऐकला आणि तिथून सुटका झाली नाही. 2012 मध्ये ते मुंबईत आले तेव्हा त्यांचा गिटारवाला स्लॅश बँडमध्ये नव्हता, म्हणून न गेल्याचं फार वाईट वाटलं नाही. 2016 मध्ये तो परतला. मग 17 मे 2025, शनिवार, महालक्ष्मी रेसकोर्स ही तारीख जाहीर झाली आणि मी घरात विषय काढला. बायको म्हणाली, "कान किटवून घ्यायला रातभर गाडीत बसायचं? आपल्या गल्लीतला डीजे काय वाईट आहे?" घरच्यांना कसं पटवायचं ते ज्याचं त्यानं बघावं. माझ्यासोबत लातूरचा भाचा होता, बाकीचं आम्ही दोघांनी मिळून जमवलं.

तिकिटाचं थोडक्यात सांगतो. ऑनलाइन रांगेत नंबर लागला की पान रिफ्रेश करू नका, मोबाइल डेटा आणि वायफाय अशी अदलाबदलही करू नका. रिस्टबँड (तिकीट म्हणून मनगटावर बांधायची पट्टी) किंवा छापील तिकीट कुरिअरनं येणार असेल तर आपल्या पिनकोडवर ते वेळेत पोचेलच असं नाही, म्हणून मुंबईत हातोहात घ्यायची सोय आहे का ते पैसे भरायच्या आधी वाचा. टेलिग्रामवर, इन्स्टावर तिकीट विकणाऱ्यांच्या वाटेला जाऊच नका. शो रद्द झाला तर तिकिटाचे पैसे परत येतील, रेल्वेचे आणि लॉजचे येतीलच असं नाही. 2011 मध्ये गुरगावात मेटॅलिका या रॉक बँडचा शो ऐनवेळी रद्द झाला होता आणि लांबून आलेली पोरं तिथंच अडकली होती.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होतं, सकाळी आठला. शोची तारीख त्याच्या बरीच आधी कळलेली असते, त्यामुळं तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. जाताना देवगिरी उत्तम. संध्याकाळी परभणीत बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर शो असेल तर गणित बदलतं. तेव्हा नांदेड-पनवेल एक्स्प्रेस घ्या. ती परभणी, परळी, लातूरवरून जाते, आणि पनवेलहून हार्बरची लोकल थेट नेरूळला सोडते. लातूर-परळीकडच्या लोकांना तर तीच सोयीची.

महालक्ष्मीसाठी मुक्काम सीएसएमटीच्या जवळच करा. तिथं रिटायरिंग रूम आहे, कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन मिळते. पॉड हॉटेलही आहे, म्हणजे झोपण्यापुरते छोटे कप्पे. क्लोकरूममध्ये सामान ठेवायचं तर बॅगेला कुलूप पाहिजे, आणि तिकीट व ओळखपत्र सोबत. रेसकोर्सला जायला चर्चगेटहून स्लो लोकल. महालक्ष्मीचं तिकीट जातानाच रिटर्न काढा, रात्री त्या खिडकीवर उभं राहवणार नाही.

गेटवर मोठी बॅग, पॉवर बँक, पाण्याची बाटली, अत्तर, लायटर बहुतेक ठिकाणी काढून घेतात. घरून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी चारच्या आत संपवून टाका, आत काही नेता येत नाही आणि आतलं खाणं परवडत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या असतील तर मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या दिसल्या तर गेटवरचा माणूस अडवणारच, आणि त्याचं चूक नाही.

आता कान. यावर कुणी बोलत नाही म्हणून मी जरा सविस्तर बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. कारखान्यातल्या कामगारांसाठी अमेरिकेत एक हिशेब सुचवलेला आहे: 85 डेसिबलला आठ तास, आणि पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबानं 100 डेसिबलला कानाला मिळतात जेमतेम पंधरा मिनिटं. गन्स अँड रोझेस तीन तासांच्या आसपास वाजवतात. कापसाचे बोळे काही कामाचे नाहीत. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात, फक्त नीट घालावे लागतात. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागं ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. घाईनं नुसता टेकवला तर गाण्याचा चिवडा होतो आणि कानही वाचत नाही. फोमनं झांजांचा वरचा आवाज जास्त दबतो. ज्यांना तो हवाच आहे त्यांनी संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग घ्यावेत, ते महाग असतात. लेकरू सोबत असेल तर त्याला हेडफोनसारखे इअरमफ घाला. भाचा आधी हसला. दुसऱ्या गाण्याला हात पुढं करून म्हणाला, "मामा, एक जोडी द्या."

उभं कुठं राहायचं? सगळ्यांना स्टेजपुढची पहिली रांग पाहिजे असते. तिथं परळीला महाशिवरात्रीच्या रांगेत उभं राहिल्यासारखं होतं: देव समोर असतो, पण दिसते पुढच्याची मान. शिवाय लटकवलेल्या मोठ्या स्पीकरचा मारा तुमच्या डोक्यावरून मागं जातो. आवाज सगळ्यात चांगला मिळतो तो मैदानाच्या मधोमध, साउंडवाल्याचं टेबल असतं त्याच्या थोडं पुढं. तो माणूस तिथंच ऐकून सगळं बसवत असतो. गिटारवाला बघायचाच असेल तर त्याच दौऱ्यातले आदल्या शहरांतले व्हिडिओ बघून तो कुठल्या बाजूला उभा राहतो ते हेरा आणि त्या बाजूनं आत शिरा. अलीकडच्या शोंची गाण्यांची यादीही नेटवर सापडते. काहींना ती आधी बघणं पाप वाटतं. मला नाही वाटत, कारण पाण्याला कधी जायचं ते कळतं.

मे महिन्याचा शो असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपण परभणीचं 43-44 अंश ऊन सोसतो म्हणून मुंबईचं 34 काहीच नाही असं वाटतं. पण आपल्याकडं घाम वाळतो, तिथं वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. दुपारपासूनच थोडं थोडं पाणी पीत राहा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात टाकायचं असतं, अर्ध्या बाटलीत नाही. मीठ-साखरेचं प्रमाण चुकलं की उपयोगाऐवजी त्रास. तासनतास एकाच जागी उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते. अधूनमधून टाचा उचलत राहा, पोटऱ्या हलल्या की रक्त वर चढतं. नाचलात तर हे आपोआपच होतं.

गर्दीत नेटवर्क जातं. क्यूआर कोड आधीच डाउनलोड करा, आणि चुकामूक झाली तर कुठल्या गेटाबाहेर, कुठल्या खांबापाशी भेटायचं ते सुरू व्हायच्या आधी ठरवा. गन्स अँड रोझेसचा शेवट बहुतेक "पॅराडाइज सिटी"नं होतो. ते गाणं चुकवू नका, पण ऐकताना बाहेरच्या गेटाकडच्या बाजूला येऊन थांबा. नंतर सगळं मैदान एकदम महालक्ष्मी स्टेशनकडं वळतं. तिथं ढकलाढकली दिसली तर लोअर परळपर्यंत चालत जा. लोकल मध्यरात्र उलटेपर्यंत असतात, धावायची गरज नाही.

तपोवनमध्ये बर्थ नसतो, बसून यावं लागतं, म्हणून परतीला एसी चेअर कारचं तिकीट काढलं तर पैसे वसूल होतात. कानात दुसऱ्या दिवशी थोडं गुणगुणतं, ते बहुतेक दिवसभरात जातं. नाही गेलं तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा, घरी तेल घालत बसू नका. आणि माझ्यासारखं मेडिकल असेल तर रविवारी संध्याकाळी शटर उघडायची घाई नको. उघडलंच, तर चिठ्ठी हातात आल्याशिवाय नुसतं नाव ऐकून कुणाला गोळ्या काढून देऊ नका.