ऑबर्नची जुनी घोडागाडीची वाट: सायकल आधी चढवा, मग उतरवा

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो, फोल्समकडे राहणाऱ्या आणि नुकतीच माउंटन बाइक घेतलेल्या आपल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो: डोंगरात पहिल्यांदा कुठे जाऊ? माझं उत्तरही ठरलेलं आहे. ऑबर्नची स्टेजकोच ट्रेल. सिएरा नेवाडाच्या पायथ्याच्या टेकड्यांमधून ही वाट ऑबर्न गावातल्या रसेल रोडपासून खाली अमेरिकन नदीच्या संगमापर्यंत जाते. अंतर साधारण दोन मैल, उतार आठेकशे फुटांचा. बरेच जण वर गाडी लावतात, भर्रकन खाली येतात आणि परत वर जायचंय म्हटल्यावर कपाळाला हात लावतात. तुम्ही उलटं करा. संगमाशी गाडी लावा आणि आधी चढा.

ही वाट चढायला सोयीची का, ते तिच्या जन्मातच आहे. १८४८ मध्ये कोलोमाला सोनं सापडलं, त्याच वर्षी ऑबर्नलाही सापडलं आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. १८५० च्या दशकात नदीपलीकडच्या यँकी जिम्स, फॉरेस्टहिल वगैरे खाणवस्त्यांकडे जाणाऱ्या घोडागाड्या इथून ये-जा करायच्या. भरलेली गाडी ओढणाऱ्या घोड्याला एकदम उभा चढ झेपत नाही, आणि उतारावर तीच गाडी त्याच्या अंगावर येते. म्हणून असे रस्ते डोंगराच्या कुशीकुशीने, प्रत्येक घळीत शिरून बाहेर पडत नेलेले असतात. इथे सरासरी चढ शंभर फुटांना सात-आठ फूट. घोड्याला जे जमायचं ते ऑफिसच्या खुर्चीत आखडलेल्या गुडघ्यांनाही जमतं, फक्त घाई करायची नाही.

निघण्याआधी टायरची हवा बघा. रस्त्यावर चालवता तेवढी ठेवलीत तर प्रत्येक दगड मनगटाला कळेल. वजन सत्तर किलोच्या आसपास असेल आणि टायर ट्यूबलेस असतील तर पुढे २२, मागे २५ पीएसआय (पंपावर दिसणारा हवेचा दाब) पुरे. आत ट्यूब असेल तर चार-पाच जास्त. पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली महागडी फुल सस्पेन्शन सायकल इथे अजिबात लागत नाही, कोण काय सांगतं तिकडे लक्ष देऊ नका. पाणी मात्र दोन बाटल्या, कारण वाटेवर कुठेही मिळत नाही.

चढताना सुरुवातीपासूनच हलका गिअर. शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे इतकाच जोर. उभं राहून पायडल मारायचा मोह होतो, पण सुट्या खडीवर मागच्या चाकावरचं वजन हललं की चाक जागच्या जागी गरगरतं. सीटच्या पुढच्या टोकाकडे सरका, कोपरं खाली सोडा, नजर दहा-पंधरा फूट पुढे. दम लागला तर खुशाल थांबा. थांबायला एक चांगलं निमित्तही आहे.

ते म्हणजे फॉरेस्टहिलचा पूल. नदीपासून ७३० फूट उंच, १९७३ चा. नदी एवढीशी आणि पूल एवढा उंच का, असं कोणालाही वाटेल. इथे होऊ घातलेल्या ऑबर्न धरणाचं पाणी दरीत चढणार म्हणून तो तेवढा उंच बांधला. मग १९७५ मध्ये ओरोव्हिलला भूकंप झाला, धरणाच्या जागेबद्दल शंका निघाल्या, काम थांबलं ते थांबलंच. धरण झालं असतं तर संगम पाण्याखाली गेला असता. मी सातारची. कोयनेत बुडालेल्या गावांच्या आणि १९६७ च्या भूकंपाच्या गोष्टी ऐकत मोठी झाले, त्यामुळे हा पूल दिसला की माझा पाय हमखास जमिनीवर टेकतो.

आता उतार. पायडल आडवे, बूड सीटवरून उचललेलं, दोन्ही ब्रेकवर एकेक बोट. ब्रेक सतत धरून ठेवू नका, डिस्क तापते. दाबा, सोडा, दाबा. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. घळीतल्या वळणांपलीकडचं दिसत नाही, तिथे घंटी वाजवा आणि चालणाऱ्याच्या वेगावर या. चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना वाट देणं सायकलवाल्याचं काम. हो, घोडे अजूनही येतात. समोर घोडा दिसला की उतरा, जागा असेल तर दरीच्या बाजूला उभे राहा आणि स्वाराशी बोलायला लागा, "गुड मॉर्निंग" किंवा काहीही. हेल्मेट-गॉगल चढवलेलं हे ध्यान माणूसच आहे, हे घोड्याला आवाजावरून कळतं. पुढे काय करायचं ते स्वार सांगेल, तसं करा.

मार्च-एप्रिलमध्ये जा: गवत हिरवं असतं, रेडबडची झाडं गुलाबी झालेली असतात. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या आसपास जातो, तेव्हा सकाळी नऊच्या आत वर पोचा. जोराच्या पावसानंतर दोन दिवस जाऊ नका. लाल माती चाकाला धरते आणि वाटेत चर पडतात. ऊबदार दिवसांत रॅटलस्नेक हा विषारी साप वाटेवर येऊन पडतो. लांबूनच थांबा आणि त्याला जाऊ द्या.

सापापेक्षा मला धाक पॉयझन ओकचा. पळसाला पानं तीन, तशी यालाही तीनच, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना तो भरपूर आहे. झाड बिब्ब्याच्या कुळातलं. बिब्बा उतल्यावर अंगाचं काय होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको. हिवाळ्यात पानं गळतात, पण नुसत्या काड्यांनीही अंग उठतं. म्हणून वाट देताना झुडपात घुसू नका आणि तिथे सायकल टेकवू नका. घरी आल्याआल्या हातपाय भांड्यांच्या साबणाने आणि गार पाण्याने धुवा. मोजे, ग्लव्हज वेगळे धुवायला टाका. हँडलच्या मुठीही साबणाच्या फडक्याने पुसा. या झाडाचं तेल तिथे राहिलं तर पुढच्या रविवारी पुन्हा हाताला लागतं.