भुसावळहून सोनौलीमार्गे नेपाळ : व्हिसा नको, कागद हवेत

31 जुलै 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला नेपाळात जायला व्हिसा लागत नाही, पासपोर्टही सक्तीचा नाही. मात्र ही सूट माणसांना आहे. गाडीला, नोटांना नाही.

आधी कपाटातलं मतदार कार्ड शोधा. पासपोर्ट नसेल तर तेच लागतं. आधारवर विसंबू नका. तो 15 वर्षांखालच्या आणि 65 वर्षांवरच्यांना चालतो. 15 ते 18 मधल्या पोरांसाठी मुख्याध्यापकांकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्या. सीमेवरच्या सोनौली गावाच्या कमानीतून पायी जाताना बरेचदा कोणी हटकत नाही, हे खरं. पण काठमांडूहून विमानानं परतायचं ठरलं, तर काउंटरवर हेच कार्ड मागतील.

भुसावळहून कुशीनगर किंवा काशी एक्सप्रेसनं गोरखपूर, तिथून बसनं सुमारे 100 किलोमीटरवर सोनौली. पलीकडे बेलहिया, मग 4 किलोमीटरवर भैरहवा. घड्याळ 15 मिनिटं पुढे करा, नाहीतर परतीची बस चुकते.

पैसे 100 च्या नोटांत न्या. नेपाळनं 2018 मध्ये 200, 500 आणि 2000 च्या नोटांवर बंदी घातली होती. नंतर नियम बदलत गेले, पण शंभराची नोट कधीच अडली नाही. दर बांधलेला आहे : आपले 100 म्हणजे त्यांचे 160. दुकानदारानं '800' म्हटलं की लगेच विचारा, ‘आयसी की एनसी?’ आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. एनसी असतील तर आपले 500 च द्यायचे.

स्वतःची गाडी नेणार असाल तर आधी भन्सार, म्हणजे नेपाळचं जकात कार्यालय. आरसी आणि लायसन्स दाखवून दिवसाप्रमाणे पैसे भरा, पावती जपा. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं संमतीपत्र हवं. दिवस एक-दोन जास्तच लिहून घ्या. पावसाळ्यात काठमांडूच्या वाटेवरच्या नारायणगढ-मुग्लिन रस्त्यावर दरडी कोसळतात, गाडी अडकते, आणि मुदत संपली की दंड बसतो.

अमेरिकेहून आलेली बहीण सोबत असेल तर तिचं ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना भारत देतो ते) इथं उपयोगाचं नाही. पासपोर्ट परदेशी, म्हणून नेपाळचा व्हिसा लागणारच. तो बेलहियाला मिळतो. त्याआधी सोनौलीच्या इमिग्रेशनमध्ये तिचा निर्गमनाचा शिक्का घ्या. हे कार्यालय बाजारातल्या गर्दीत सहज नजरेतून सुटतं, आणि शिक्का राहिला तर बॅगा ओढत परत यावं लागतं.