एल एस्कोरिअलला जाताना सोमवार टाळावा
माद्रिदहून खाजगी गाडीने एल एस्कोरिअलचा राजमठ आणि जवळचे क्वेल्गामुरोस खोऱ्यातील स्मारक एकाच दिवशी पाहायचे असल्यास सोमवार टाळावा, कारण त्या दिवशी दोन्ही ठिकाणे बंद असतात. सकाळी आधी मठ गाठावा आणि त्यासाठी किमान तीन तास राखून ठेवावेत; स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५६३ ते १५८४ या काळात उभारलेल्या या वास्तूच्या ग्रंथालयात पुस्तकांचे कणे भिंतीकडे आणि सोनेरी कडा आपल्याकडे असतात, तिथे मुळीच घाई करू नये. स्मारकाच्या बॅसिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, स्पेनच्या यादवी युद्धातील दोन्ही बाजूंचे तीस हजारांहून अधिक मृत विसावले आहेत आणि अनेक कुटुंबे अजूनही आपल्या माणसांच्या अस्थी शोधत आहेत, म्हणून तिथे आवाज खालीच ठेवावा.