शेजारच्या पडक्या वाड्याविषयी तक्रार कशी करावी

शेजारचा ओस पडलेला वाडा डोळ्यांत खुपतो, एवढ्या कारणावर पुणे महापालिका हलत नाही, कारण कुरूपपणा हा कायद्याच्या दृष्टीने दोष नव्हे. धोका आणि अस्वच्छता हे मात्र दोष आहेत. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी वाड्याची स्थिती नीट पाहून घ्यावी : वरच्या मजल्याची भिंत फुगली आहे का, तुळईचे टोक कुजून भिंतीतून निसटत आहे का, पिंपळाची किंवा उंबराची मुळे विटांच्या सांध्यांत शिरली आहेत का, छपराचे पत्रे उडून पावसाचे पाणी थेट मातीच्या भिंतीत मुरते आहे का, चौकातल्या हौदात डासांच्या अळ्या दिसतात का. या प्रत्येक गोष्टीचे छायाचित्र तारखेसह आणि आपल्याच हद्दीतून घ्यावे. परवानगीशिवाय आत शिरू नये, कारण त्यातून उलट तक्रार ओढवू शकते आणि कुजलेल्या जिन्याचा भरवसा नाहीच.

त्यानंतर मालक शोधावा. पेठांतील जागेची मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयाकडून मिळते. हद्दीत नव्याने आलेल्या गावांत बहुधा सातबारा पाहावा लागतो. पत्रिकेवर अनेकदा आजोबांचेच नाव असते आणि वारस चार ठिकाणी विखुरलेले असतात. त्यांपैकी जो फोन उचलतो त्याच्याकडे "वाडा पाडा" अशी मागणी करू नये. झुकलेल्या भिंतीला टेकू, रस्त्याकडेला पत्र्याचे कुंपण, हौद बुजवणे अशी ठरावीक आणि कमी खर्चाची कामे सुचवावीत. आपण खर्चाचा थोडा वाटा उचलायची तयारी दाखवली, तर माझ्या मते निम्मे काम होते.

मालक दरवेळी बेफिकीरच असतो असेही नाही. शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. पाडल्यावर पुन्हा बांधता येणार नाही हे ठाऊक असलेला माणूस पाडायला तयार होत नाही, आणि अशा ठिकाणी परवानगी घेऊन दुरुस्ती करण्याचाच आग्रह धरणे शहाणपणाचे असते.

बोलणे फिसकटल्यास क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम २६४ नुसार पडण्याच्या बेतात असलेले बांधकाम दुरुस्त करण्याची, सुरक्षित करण्याची किंवा काढून टाकण्याची नोटीस आयुक्त मालकाला अथवा भोगवटादाराला देऊ शकतात. अर्जात या कलमाचा उल्लेख असावा. "वाडा धोकादायक आहे" असे मोघम लिहिण्यापेक्षा "दक्षिणेकडील भिंत बोळाच्या बाजूला झुकली असून तिच्याखालून शाळेची मुले ये-जा करतात" असे लिहावे. डासांची तक्रार त्याच अर्जात न घुसडता आरोग्य विभागाकडे वेगळी करावी. भिंतीतले झाड स्वतः तोडू नये. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.

हे सर्व फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावे, कारण जूनमध्ये टेकू लावायलाही माणूस मिळणे कठीण होते. उत्तर न आल्यास १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात पाहणी अहवालाची आणि नोटिशीची प्रत मागावी. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. भिंत अंगावर येण्याचीच भीती असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडेही दाद मागता येते.

वाडा पाडायचे ठरलेच, तर आपल्या घरातल्या जुन्या तड्यांची छायाचित्रे काम सुरू होण्यापूर्वी काढून ठेवावीत. मधली भिंत सामाईक असेल, तर तिची आजवर आत राहिलेली बाजू उघडी पडते आणि पहिल्याच पावसात पाणी पिते. त्या बाजूला गिलावा कोण करणार आणि कधीपर्यंत, हे मालकाकडून आधीच लिहून घ्यावे.